चारचौघांत बोलायची जागा

साडेचार तासांचा माहितीपट, तोही महानगरपालिकेवर. त्यात निवेदक नाही, मुलाखती नाहीत, बोलणारा माणूस कोण हे सांगणारी नावाची पट्टीसुद्धा नाही. फ्रेडरिक वाइजमन यांच्या ‘सिटी हॉल’बद्दल (२०२०) एवढं सांगितलं, की समोरचा मित्र विषय बदलतो. मीही तो एका दमात पाहिला नाही. तीन रात्रींत, जेवणानंतर, तुकड्यातुकड्यांनी पाहिला. पण त्यातला एक प्रसंग डोक्यातून जायला तयार नाही, आणि तो नागपुरात राहून पाहिल्यामुळे जात नाही, असं मला वाटतं.

शहर बॉस्टन. माहितीपटाच्या सुरुवातीलाच ३११ या नंबरवर लोकांच्या तक्रारी घेणारे कर्मचारी दिसतात. मग एकेक खातं. कचऱ्याची गाडी जुनी गादी कडाकडा चावून गिळते. नगरपालिकेच्या खोलीत दोन बायकांचं लग्न लागतं. पार्किंगच्या दंडाबद्दल कुणी अधिकाऱ्यासमोर आपली बाजू मांडतं. बजेटच्या मीटिंगा, घरांच्या मीटिंगा, मीटिंगांच्या तयारीच्या मीटिंगा. आणि शेवटाकडे येते डॉर्चेस्टर भागातली एक लांबलचक सभा.

विषय साधा आहे. तिथे कायद्यानं परवानगी असलेलं गांजाविक्रीचं दुकान उघडायचं आहे. दुकान काढणारे आशियाई वंशाचे व्यावसायिक समोर बसलेत. हॉलमध्ये आजूबाजूचे रहिवासी आहेत, बहुतेक कृष्णवर्णीय किंवा स्थलांतरित कुटुंबांतले, फारसा पैसा नसलेले. सुरुवात ट्रॅफिक आणि सुरक्षेपासून होते. गाड्या कुठे लागतील? पोरं आत शिरणार नाहीत याची खात्री काय? मग नोकऱ्या. आमच्या वस्तीतल्या किती जणांना घेणार? मग कुणी विचारतं, की हे दुकान आमच्याच भागात का? आणि मग सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न येतो, की या सभेची माहिती नेमकी कुणाला दिली, कुठल्या भाषेत दिली, आणि ज्यांच्या दारापुढे दुकान येणार ते लोक आज इथे का नाहीत?

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर, ‘भाऊ, तुम्ही आमाले आधी विचारलं का?’

या सभेत माणसं चांगलं बोलत नाहीत. अडखळतात, तेच तेच बोलतात, मुद्दा सोडून भलतीकडे जातात. वाइजमन ते कापत नाहीत. आणि त्यामुळेच एक गोष्ट डोळ्यांदेखत घडताना दिसते. पार्किंगची काळजी घेऊन आलेला माणूस शेजारणीचं नोकऱ्यांबद्दलचं बोलणं ऐकतो, तिचं बोलणं तिसरा उचलतो, आणि सभा संपेपर्यंत हॉलमध्ये असा एक मुद्दा उभा राहिलेला असतो, जो घरून निघताना कुणाच्याच खिशात नव्हता. निर्णय आमच्यावर परिणाम करणारा असेल तर तो ठरवायच्या खोलीत आम्ही हवे, हा तो मुद्दा.

तक्रार एकट्याची असते. तिचा मुद्दा व्हायला चारचौघं लागतात. ‘सिटी हॉल’ मला जे शिकवतो ते एवढंच, आणि नागपुरात नेमकं तेच कुठे होत नाही.

गॅलरीत बसा, बोलू नका

नागपूरची नगरपालिका १८६४ची. महानगरपालिका झाली १९५१ साली. सभा भरत आली ती महालच्या टाऊन हॉलमध्ये. राज्याच्या महानगरपालिका कायद्यानुसार ही सभा एरवी लोकांसाठी खुली असते. पण खुली म्हणजे बघण्यासाठी. तुम्ही गॅलरीत बसू शकता. सभागृहात उभं राहून ‘माझ्या गल्लीत असं झालंय’ हे सांगायचा अधिकार तुम्हाला नाही. तो नगरसेवकाचा. तुम्ही नगरसेवकाला सांगायचं, त्याला वाटलं तर तो सांगेल.

आता यावर लगेच कुणी म्हणेल, की लोकशाही अशीच चालते, म्हणूनच तर प्रतिनिधी निवडतो. बरोबर आहे. आणि प्रतिनिधींची आपल्याकडे कमीही नाही. २०११च्या जनगणनेत नागपूर महापालिकेची लोकसंख्या २४ लाखांच्या थोडी वर होती आणि नगरसेवक १५१. म्हणजे साधारण १६ हजारांमागे एक. बॉस्टनची लोकसंख्या पावणेसात लाख आणि नगर परिषदेचे सदस्य १३. म्हणजे ५२ हजारांमागे एक. हिशेबानं पाहिलं तर आपलं प्रतिनिधित्व त्यांच्यापेक्षा तिपटीनं दाट आहे.

पण २०१७च्या निवडणुकीत हे १५१ जण ३८ प्रभागांतून निवडून आले, बहुतेक प्रभागांत चार-चार. एका प्रभागात साठ हजारांहून जास्त माणसं आणि चार नगरसेवक. रस्ता खणला तर विचारायचं कुणाला? चौघांना विचारलं की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. चौघांचं काम कुणाचंच काम नसतं, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

१९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. नागपुरात दहा झोन आहेत. म्हणजे एका झोनमध्ये अडीच लाखांच्या आसपास माणसं. आणि समितीत बसणार कोण? तर त्या भागातले नगरसेवकच, सोबत स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी. त्याच्याही खाली, काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या सगळ्या मतदारांची ‘क्षेत्र सभा’ असावी, अशीही तरतूद राज्याच्या कायद्यात आली. गावाला जशी ग्रामसभा, तशी मोहल्ल्याला क्षेत्र सभा. नागपुरातल्या कुणालाही विचारून बघा, क्षेत्र सभेचं बोलावणं तुम्हाला कधी आलंय का?

निवेदन नावाचा साहित्यप्रकार

मग बोलायला जागा नसलेला नागरिक काय करतो? तो निवेदन देतो.

हा शब्द मला मजेशीर वाटतो. साहित्यात निवेदन म्हणजे गोष्ट सांगणं, आणि निवेदक म्हणजे जिच्या हातात गोष्टीची दोरी असते ती व्यक्ती. काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, काय लपवायचं, सगळं निवेदकाच्या हातात. महापालिकेत मात्र निवेदन करायचं नसतं, द्यायचं असतं. ते दिलं की देणारा संपला. गोष्ट आता आवक-जावक विभागाची.

आपण निवेदनाला कधी साहित्य म्हणून वाचत नाही. पण मराठीत आज सगळ्यांत जास्त लिहिला जाणारा गद्यप्रकार बहुधा हाच असेल. त्याचा साचा पक्का आहे. ‘प्रति, मा. आयुक्त.’ मग ‘विषय’. मग ‘महोदय’. ‘उपरोक्त विषयान्वये आपणास सविनय सादर करण्यात येते की...’ इथे कर्ता गायब झाला. सादर कोण करतंय? कुणीच नाही, करण्यात येतंय. घरासमोर गटार तुंबल्यामुळे चार दिवस झोप न लागलेली बाई या वाक्यात कुठेच नाही. तिचा वास, तिचे डास, आजारी सासू, सगळं ‘परिसरातील नागरिकांना त्रासास सामोरे जावे लागत आहे’ या एका ओळीत पुसून जातं. जी माणसं दारात उभी राहून अर्धा तास रसाळ बोलतात, तीच कागदावर सरकारी होतात. कारण त्यांना वाटतं, साहेब ही भाषा ऐकतो.

आणि शेवटी येतो निवेदनाचा खास मराठी वळसा. ‘ही नम्र विनंती’ लिहून झालं, की पुढच्याच ओळीत, ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी प्रशासनाची राहील.’ एकाच पानावर पाया पडणं आणि गळा धरणं. आपण यावर हसतो, पण मला त्यात शहराचं सगळं राजकारण दिसतं. या साच्यात माणसाला दोनच आवाज ठाऊक आहेत, याचकाचा आणि आंदोलकाचा. मधला आवाज, ‘हे बघा, मला असं वाटतं, तुमचं काय म्हणणं आहे’ असा, त्याला तिथे जागाच नाही. तो आवाज समोरासमोर बसल्याशिवाय येत नाही.

निवेदनाचा शेवटचा टप्पा फोटो. आठ-दहा माणसं, मध्ये अधिकारी, सगळ्यांचा एकेक हात त्या एकाच कागदाला लागलेला, आणि सगळे बघतायत कॅमेऱ्याकडे. कागदाकडे कुणीच नाही. खाली, ‘निवेदन देताना शिष्टमंडळ’. पुढे नावांची रांग आणि ‘आदी उपस्थित होते’. निवेदनात काय होतं, ते बातमीच्या शेवटच्या ओळीत. जमलंच तर.

मोर्चाचं शहर

नागपूरला बोलणाऱ्यांची सवय नाही असं कुणी म्हणू शकत नाही. १९५३च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं, आणि दर हिवाळ्यात सगळा महाराष्ट्र आपली गाऱ्हाणी घेऊन इथे येतो. शिक्षक, अंगणवाडी सेविका, शेतकरी, धनगर, हलबा. आम्ही नागपूरकर ते कसे अनुभवतो? बंद रस्त्यांच्या यादीतून. आज कुठला चौक बंद, कुठून वळायचं, ऑफिसला किती आधी निघायचं. सीताबर्डीजवळ बॅरिकेड लागतात, मोर्चा अडवला जातो, मग त्यातल्या पाच-सात जणांचं शिष्टमंडळ आत जातं आणि मंत्र्यांना... निवेदन देतं. शेकडो मैलांवरून हजारो माणसं चालत आली तरी शेवट त्याच कागदाशी.

२३ नोव्हेंबर १९९४ला हा रस्ता कुठवर जाऊ शकतो ते याच शहरानं पाहिलं. गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात ही मागणी. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. त्यात बायका आणि लेकरं जास्त. आज सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आदिवासी गोवारी शहिदांचं नाव आहे. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात.

या मागणीचा गाभा काय होता, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ती एक जमात, की मध्ये स्वल्पविराम राहून गेलेल्या दोन? वाद या एका खुणेभोवती फिरत होता. टेबलावर जुनी कागदपत्रं पसरून, जाणकारांना आणि गोवारी समाजातल्या म्हाताऱ्यांना समोरासमोर बसवून, धीरानं ऐकून घेण्याचा हा विषय. २०१८ला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींच्या बाजूनं निकाल दिला, २०२०च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. निकालाचं बरंवाईट मी इथे ठरवत नाही. स्वल्पविरामाची चर्चा रस्त्यावर, बॅरिकेडसमोर करायची वेळ माणसांवर का आली, हा माझा प्रश्न आहे.

‘इतर’ या पर्यायाखाली

माझ्या पिढीचं उत्तर तयार असतं. ॲप आहे ना! फोटो काढ, लोकेशन टाक, तिकीट नंबर घे.

मी रोजगारासाठी अशाच व्यवस्था बनवतो. तक्रार आली की तिचं तिकीट होतं, तिकिटाला प्रकार लागतो, प्रकारावरून ते कुणाच्या तरी रांगेत पडतं. वर बसलेल्या साहेबाला डॅशबोर्डवर दोनच आकडे दिसतात, किती उघडी आणि किती बंद. ज्या आकड्यावर पगारवाढ ठरते तो आकडा सुधारतो, हा आमच्या धंद्यातला न लिहिलेला नियम. तिकीट बंद करणं आणि प्रश्न सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण डॅशबोर्डला त्यातली एकच दिसते.

नोकरीनिमित्त मी काही वर्षं दुसऱ्या एका शहरात राहत होतो. तिथे नवा रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाला आणि पावसाचं पाणी आमच्या तळमजल्यात यायला लागलं. ॲपमध्ये पर्याय होते खड्डे, पथदिवे, कचरा, मोकाट कुत्री, इतर. रस्ता तर चांगला झाला होता, खड्डा एकही नव्हता. चांगला झालेला रस्ता हीच तक्रार असेल तर ती कुठल्या खान्यात टाकणार? मी ‘इतर’ निवडलं. दोन दिवसांनी ‘संबंधित विभागाकडे पाठवले’ असा शेरा मारून तिकीट बंद झालं.

गल्लीतल्या अकरा घरांनी अशी अकरा तिकिटं टाकली असणार. अकरा तिकिटं, अकरा शेरे. ती अकरा माणसं एका खोलीत बसली असती, तर प्रश्न पाण्याचा नसून रस्ता बांधताना पातळी कोण ठरवतं याचा आहे, हे पंधरा मिनिटांत कळलं असतं. सिमेंट रस्ते घरांपेक्षा उंच झाल्याची तक्रार नागपुरातही गल्लोगल्ली ऐकू येते. पण ती ऐकू येते पानठेल्यावर.

‘सिटी हॉल’ची रचना इथे मला नीट कळते. माहितीपट ३११च्या फोनपासून सुरू होतो, एकेकट्या आवाजांपासून, आणि हळूहळू डॉर्चेस्टरच्या भरलेल्या हॉलपर्यंत पोचतो. निवेदक नसल्यामुळे ही वाट कुणी बोट धरून दाखवत नाही. पण निवेदक नाही म्हणूनच त्या हॉलमधली माणसं स्वतःच निवेदक होतात. गोष्टीची दोरी त्यांच्या हातात येते. निवेदन देणं आणि निवेदन करणं यांतला फरक असा पडद्यावर दिसतो.

मराठी सिनेमात याच्या उलट टोकाला उभा असलेला चित्रपट म्हणजे उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ (२००८). कुसवडे गावात एक मोकाट वळू आहे, गावाची तक्रार आहे, आणि वन खात्याचे गड्डमवार साहेब त्याला पकडायला येतात. सोबत साहेबांचा भाऊ कॅमेरा घेऊन. गावातला प्रत्येक जण त्या कॅमेऱ्यापुढे बोलतो, आणि गावातलं सगळं वाईट वळूच्या नावावर जमा होतं. आपण पोट धरून हसतो. पण नीट पाहिलं तर सगळे कॅमेऱ्याशी बोलतायत, साहेबांशी बोलतायत, एकमेकांशी समोरासमोर बसून कुणीच नाही. वळू पकडला जातो. तिकीट बंद. गावातली भांडणं जिथल्या तिथे.

सभागृहच नसलेलं शहर

२२ आणि २३ सप्टेंबर २०२३च्या मधल्या रात्री नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, एरवी सुखवस्तू समजल्या जाणाऱ्या या वस्त्यांत लोकांनी रात्र गच्चीवर काढली. चार माणसं गेली. शहरात हजारो घरांचं नुकसान झालं.

अशा वेळी शहर काय करतं? सभागृह बोलावतं, निदान आरडाओरडा तरी करतं. पण त्या सकाळी नागपुरात सभागृहच नव्हतं. महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली होती, आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या होत्या, आणि कारभार प्रशासकाकडे होता. गॅलरीत बसायची तरी सोय असते, इथे खाली खुर्च्याच रिकाम्या. १५ जानेवारी २०२६ला मतदान होईपर्यंत जवळपास चार वर्षं असंच चाललं.

रहिवासी गेले ते उच्च न्यायालयात. जनहित याचिका झाली. तलावाच्या सांडव्यापाशी उभारलेलं विवेकानंदांचं स्मारक पाण्याच्या वाटेत येतं का, हा प्रश्न न्यायालयासमोर आला. पाणी कुठून जातं आणि वाटेत काय उभं आहे, हा खरं तर महापालिकेच्या सभेतला विषय. नकाशा भिंतीला टांगून, इंजिनियर आणि तळमजल्यावरचा म्हातारा दोघांनीही त्यावर बोट ठेवून बोलायचा. तो वकिलांमार्फत, तारखांवर, शपथपत्रांच्या भाषेत बोलला गेला. न्यायालयानं दार उघडलं हे बरंच झालं. पण न्यायालयात नागरिक याचिकाकर्ता असतो. तिथेही बोलतो दुसराच.

आणि वकील करणं अंबाझरी लेआउटला परवडतं. नाग नदी तिथे संपत नाही. ती पुढे शहराच्या पोटातून पूर्वेला जाते, आणि तिच्या काठावर वकील न परवडणारी माणसंही राहतात.

पण बॉस्टनही फार गोड मानू नये

‘सिटी हॉल’चे दोष झाकायचं कारण नाही. महापौर मार्टिन वॉल्श त्यात इतक्या वेळा दिसतात, आणि दर वेळी इतके समंजस, की मधूनमधून प्रचाराचा व्हिडिओ पाहतोय असं वाटायला लागतं. एवढ्या मोठ्या शहरात सत्तेची खरी खेचाखेची कुठे होते, कंत्राटं कशी ठरतात, कॅमेरा तिथे फारसा पोचत नाही. बोलणाऱ्या माणसांवर वाइजमनचं इतकं प्रेम आहे, की बोललं म्हणजे झालं, असा समज होऊ शकतो.

सगळ्यांत मोठी अडचण डॉर्चेस्टरच्या सभेतच आहे. त्या दुकानाचं पुढे काय झालं, हे माहितीपट सांगत नाही. अशा दुकानासाठी रहिवाशांची सभा घेणं तिथे नियमानं बंधनकारक आहे, पण रहिवाशांनी नको म्हटलं म्हणून दुकान थांबेलच असं नाही. म्हणजे ऐकण्याचा सोहळा करून, सगळ्यांचं टिपून घेऊन, शेवटी हवं तेच करता येतं. हा धोका खरा आहे, आणि हॉलमधल्या लोकांना तो पक्का ठाऊक आहे. म्हणूनच ते दुकानापेक्षा सभेच्या पद्धतीवर जास्त भांडतात.

इथे मला गडचिरोली आठवतं. नागपूरहून पावणेदोनशे किलोमीटर.

मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ (२०१२) या पुस्तकातलं मेंढा हे धानोरा तालुक्यातलं छोटं गोंड गाव, वस्ती पाचशेच्या आत-बाहेर. या गावानं दोन गोष्टी धरून ठेवल्या. एक, ग्रामसभेतले निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या सहमतीनं घ्यायचे. दोन, निर्णयाच्या आधी अभ्यास. त्यासाठी अभ्यास गट, ज्यात बाहेरचे जाणकारही येऊन बसतात, पण निर्णय ग्रामसभेचाच. याच वाटेनं गाव २००९मध्ये अठराशे हेक्टर जंगलाच्या सामूहिक हक्कापर्यंत पोचलं, वनहक्क कायद्याखाली असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक.

पुस्तक म्हणून माझी एक तक्रार आहे. बोकील पद्धत इतकी नितळ समजावून सांगतात, की पद्धत लख्ख दिसते, पण त्या सभेत अडून बसलेला, रुसलेला, रागानं उठून गेलेला माणूस तितका दिसत नाही. वाइजमन आणि बोकील इथे एकमेकांची कमतरता भरून काढतात. एकाकडे आवाज आहेत पण निर्णय नाही, दुसऱ्याकडे निर्णय आहे पण आवाज दबके. दोन्ही एकत्र ठेवले की शहरासाठी काय मागायचं ते कळतं.

मेंढ्याचं उदाहरण दिलं की ठरलेलं उत्तर येतं. ते पाचशे, आपण चोवीस लाख. ते एकमेकांना ओळखतात, आपल्याला समोरच्या फ्लॅटमधला माहीत नसतो. हे खरं आहे. पण चोवीस लाखांना एका हॉलमध्ये बसवा असं कुणीच म्हणत नाही. क्षेत्र सभा म्हणजे काही मतदान केंद्रांचा परिसर. एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये मावतील इतकी माणसं येतील. आणि ओळख नसणं हे सभा न घेण्याचं कारण कसं? ओळख सभेत होते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती होत नाही, कारण तिथे समोरच्याचं पटलं नाही की म्यूट करता येतं. हॉलमध्ये शेजारी बसलेल्या बाईला म्यूट करता येत नाही. तिचं ऐकावं लागतं, आणि ऐकता ऐकता आपली तक्रार थोडी बदलते.

मराठीत ‘चारचौघांत’ हा शब्द आपण बहुतेक वेळा लाजेसाठी वापरतो. चारचौघांत शोभा नको, चारचौघांत बोलू नये. घरातलं भांडण घरात ठेवायला तो चांगला सल्ला असेल. पण गटार, रस्ता आणि नदी घरातल्या गोष्टी नाहीत. त्या चारचौघांच्याच आहेत, आणि चारचौघांतच बोलल्या पाहिजेत.

नागपुरात आता पुन्हा निवडून आलेले नगरसेवक आहेत. त्यांच्याकडे मागायचं असेल तर पूल मागू नका, गार्डन मागू नका. झोनच्या बैठकीत दर महिन्याला नागरिकांसाठी एक तास मागा. एकाला तीन मिनिटं. जे विचारलं त्याचं उत्तर पुढच्या बैठकीत, लेखी, सगळ्यांसमोर वाचून. आणि कायद्यात आहे ती क्षेत्र सभा मागा.

पहिल्या बैठकीत गोंधळ होईल. माईक बिघडेल, कुणीतरी आपल्या पक्षाचं भाषण ठोकेल, दोन जण उठून जातील, तीन मिनिटांची दहा होतील. अधिकारी घड्याळाकडे बघतील. पण दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीला कुणीतरी बाई हातात नाल्याचा नकाशा घेऊन येईल, आणि तिच्या मागच्या रांगेतला, तिला कधीही न भेटलेला माणूस उठून म्हणेल, की थांबा, हा नाला आमच्याकडूनही जातो.